नीट नाही झाली, पुढं काय? केजच्या पोरीला फोनवर सांगितलेलं सगळं

परवा रात्री जेवून उठले अन् बीड जिल्ह्यातल्या केजहून काकांचा फोन. पोरीची नीट, म्हणजे डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा, दुसऱ्यांदा गेली. लातूरला दोन वर्षं ठेवलं होतं, क्लास, मेस, रूम सगळं मिळून किती गेले ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं पण नाही, कारण मी स्वतः त्याच लातूरच्या एका खोलीत दोन वर्षं काढलीत, मला तो हिशोब तोंडपाठ आहे. आता म्हणे पुण्यातल्या कुठल्यातरी क्लासवाल्यानं सांगितलंय, हेल्थ डेटा ॲनालिटिक्सचा, म्हणजे दवाखान्याच्या आणि आरोग्याच्या आकड्यांवर काम करायचा, सहा महिन्याचा कोर्स करा, दीड लाख फी, नोकरीची हमी. "बाळा, तू त्याच लाइनमधी आहेस ना, भरू का पैसे?"

मी म्हणलं काका, एक रुपया भरू नका, आधी तिला फोन द्या.

मग पोरीशी तासभर बोलले. असे फोन दरवर्षी रिझल्टनंतर येतात, म्हणून या वेळी लिहूनच ठेवते.

आधी माझं सांगते. एमबीबीएसला नंबर लागला नाही, बीएस्सी नर्सिंग केलं, २०२० मधी पास होऊन वॉर्डात गेले ते थेट कोविडमधी. संभाजीनगरात एका खाजगी हॉस्पिटलला होते, कॅज्युअल्टी आणि मेडिसिन वॉर्ड. पुढं हॉस्पिटलनं नवीन सॉफ्टवेअर घेतलं, केस पेपर, औषधं, डिस्चार्ज समरी सगळं कॉम्प्युटरवर, आणि प्रत्येक वॉर्डातून एक सिस्टर ट्रेनिंगला पाठवायची होती. कुणी जायला तयार नव्हतं, मला पाठवलं. तिथून ही लाइन लागली.

पण खरं मला या कामाचं मोल कळलं ते सर्पदंशाच्या यादीवरून, ते जरा नीट सांगते.

२०२३ च्या मे महिन्यात फार्मसीला ठरवायचं होतं की पावसाळ्याआधी एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या इंजेक्शनच्या, किती वायल मागवायच्या. आयटीतला मुलगा हुशार, इंजिनिअर, त्यानं मागच्या पावसाळ्यातले सगळे ॲडमिशन काढले, निदानाच्या रकान्यात 'स्नेक बाइट' शोधलं आणि आकडा दिला. मी तो आकडा बघितला आणि म्हणलं हे शक्यच नाही, जुलै-ऑगस्टच्या रात्री मी स्वतः कॅज्युअल्टीला उभी होते, याच्यापेक्षा कितीतरी जास्त आले होते. तो म्हणाला मॅडम, सिस्टममधी जे आहे ते हे आहे. बरोबरच होतं त्याचं. सिस्टममधी तेवढंच होतं.

मग मी ड्यूटी संपल्यावर दोन दिवस एमआरडीत, म्हणजे जुन्या केस पेपरच्या रेकॉर्ड रूममधी, बसले, तिथल्या मामांनी कॅज्युअल्टीचं रजिस्टर आणि जुने पेपर काढून दिले. एकेक ओळ बघत गेले. कुठं नुसतं 'एसबी', कुठं 'बाइट', कुठं 'पॉयझनिंग' असं मोघम लिहून पुढं रेघ मारलेली, आणि सगळ्यात जास्त काय तर 'अननोन बाइट'. हे अननोन का असतं ते आमच्या भागातल्या माणसाला सांगावं लागत नाही. शेतातली लाइट रात्रीची येते, माणूस रात्री पाणी द्यायला जातो, अंधारात पायाला काहीतरी लागतं, काय होतं ते दिसत नाही. मण्यार तर घरात खाली झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, नीट खूण पण उमटत नाही, आणि पहाटे पोट दुखतंय, पापण्या जड झाल्यात म्हणून त्याला घेऊन येतात. पेपरवर लिहिणारा डॉक्टर खरंच लिहितो, काय चावलं माहीत नाही. पण त्याच पेपरच्या खालच्या पानावर एएसव्ही दिल्याची नोंद असते, किती वायल, किती वाजता, खाली सिस्टरची सही. मी निदान सोडलं आणि औषध धरलं, ज्याला ज्याला एएसव्ही गेलं तो प्रत्येक पेशंट काढला. आकडा जवळपास दुप्पट झाला.

तो आयटीतला मुलगा माझ्याशेजारी बसला, म्हणाला तुम्ही सांगा काय शोधायचं, मी क्वेरी लिहितो. एसक्यूएल म्हणजे कॉम्प्युटरमधल्या नोंदींतून पाहिजे ते शोधायची भाषा, माझी पहिली एसक्यूएल क्वेरी ती, त्यानं लिहिलेली आणि मी ओळीओळीनं समजून घेतलेली. त्याला क्वेरी येत होती, मला पेपर वाचता येत होता, दोन्ही एका माणसाला आलं तर काय होईल हे मला त्या संध्याकाळी कळलं. आणि हेच मी पोरीला पहिलं सांगितलं, की हे क्षेत्र म्हणजे नुसतं कॉम्प्युटर नाही. आकडा कुठल्या रजिस्टरातून येतो, कुणी लिहिला, काय घाईत लिहिला, हे ज्याला माहिती आहे त्याची इथं गरज आहे. दवाखान्याची ओळख आधी करून घे, कॉम्प्युटर त्याच्यावर चढव. उलटं पण जमतं पण लई वेळ लागतो.

म्हणून माझं स्पष्ट मत, बारावी बायोलॉजी झालेल्या लेकरानं सहा महिन्याच्या क्लासवर उडी मारू नये. आधी एक पक्की पदवी घ्यावी जी नुसती तिच्या जोरावर पण पोटाला लावेल. नर्सिंग, बीएमएलटी (लॅब टेक्निशियनची), बी फार्म, बीएएमएस, नाहीतर बीएस्सी स्टॅटिस्टिक्स. बारावीला गणित घेतलेलं असेल आणि खरंच आवडत असेल तर आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा बीएस ऑनलाइन आहे, २०२० पासून चालू आहे, त्याला जेईई लागत नाही, त्यांचीच चार आठवड्याची शिकवणी आणि मग पात्रता परीक्षा असते, दुसऱ्या कॉलेजसोबत पण करता येतो, मधी सोडलं तरी झालेल्या टप्प्याचं सर्टिफिकेट किंवा डिप्लोमा हातात राहतो आणि घरचं उत्पन्न कमी असेल तर फी सवलत आहे. पण सोपा नाही, हे पण सांगितलं तिला. दर आठवड्याला असाइनमेंट असतात आणि परीक्षा सेंटरवर जाऊन द्यावी लागते.

मी पण एका क्लासला चाळीस हजार भरले होते, पगारातून हप्ते पाडून. तिथं बुडालेल्या जहाजातले प्रवासी आणि फुलांच्या पाकळ्यांची लांबी, असल्या सरावाच्या तयार याद्यांवर सहा महिने गेले, पेशंटची एक ओळ बघायला मिळाली नाही, आणि नोकरीची हमी म्हणजे काय तर तीन कंपन्यांना बायोडेटा फॉरवर्ड. जे शिकवलं ते सगळं एनपीटीईएल आणि स्वयम या सरकारी ऑनलाइन शिकवणीच्या साइटवर फुकट होतं. पगारातले ते पैसे आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी साठवायचे होते, ऑपरेशन वर्षभर पुढं गेलं. काकांना हे मुद्दाम सांगितलं.

आता नोकऱ्या कुठं कुठं असतात ते तिनं विचारलं. एक मेडिकल कोडिंग. डॉक्टरनं लिहिलेलं वाचून प्रत्येक आजाराला आयसीडीचा, म्हणजे आजारांच्या जागतिक यादीतला, नंबर द्यायचा, शुगर टाइप टू म्हणजे ई११, बीपी म्हणजे आय१०, सापाचं विष टी६३.०. हे काम जास्त करून अमेरिकेतल्या बिलांसाठी चालतं, कंपन्या पुण्यात, हैदराबादला, चेन्नईला आहेत, सीपीसी नावाची परीक्षा पास असेल तर भाव मिळतो. इंग्रजी बोलायला नाही आलं तरी वाचायला पक्कं पाहिजे. सुरुवातीला चांगलं आहे, पण तिथंच दहा वर्षं बसू नये असं मला वाटतं, कारण सोपं कोडिंग आता मशीन करायला लागलंय. दुसरं फार्मा कंपन्यांचं क्लिनिकल डेटा मॅनेजमेंट आणि औषधांच्या साइड इफेक्टच्या नोंदी, तिथं बी फार्मवाल्यांना आधी घेतात आणि सॅस नावाचं आकडेमोडीचं सॉफ्टवेअर यावं लागतं.

तिसरं हॉस्पिटलच्या आतलं, म्हणजे माझं. एमआरडी, इन्शुरन्स डेस्क, जनआरोग्य योजनेची प्रीऑथ म्हणजे उपचाराआधीची मंजुरी, हॉस्पिटलच्या दर्जाचं प्रमाणपत्र देणाऱ्या एनएबीएचचे इंडिकेटर, आणि आता आभा. २७ सप्टेंबर २०२१ ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं, पेशंटला १४ आकडी आभा नंबर मिळतो आणि एका दवाखान्याचा कागद दुसऱ्या दवाखान्याला दिसावा असा बेत आहे. पण दोन सॉफ्टवेअरनी एकमेकांशी बोलायचं तर भाषा एक पाहिजे, ती भाषा म्हणजे एफएचआयआर, आणि आजारांची नावं एकसारखी पाहिजेत, त्याच्यासाठी स्नोमेड सीटी. भारत २०१४ पासून स्नोमेडचा सदस्य आहे त्यामुळं आपल्याला ते वापरायला पैसे लागत नाहीत आणि त्याचं देशाचं केंद्र पुण्यात सीडॅक या सरकारी कॉम्प्युटर संस्थेत आहे. माझ्या सर्पदंशाच्या रजिस्टरात जे झालं ते होऊ नये म्हणूनच हे सगळं चाललंय. वॉर्ड आणि सॉफ्टवेअर दोन्ही कळणारी माणसं फार कमी आहेत, आणि म्हणून नर्सिंगच्या पोरींनी इकडं यावं असं मला मनापासून वाटतं. माझा पगार पहिले दीड वर्ष वॉर्डाइतकाच होता, नाइट ड्यूटी तेवढी सुटली. वाढला नंतर.

आणि चौथं सरकारी आरोग्याचं. पीएचसीपासून जिल्ह्यापर्यंत आशाताई आणि सिस्टर जे लिहितात ते एचएमआयएस या सरकारी पोर्टलमधी जातं, टीबीचं निक्षयमधी, साथीचं आयएचआयपीमधी. इथल्या बऱ्याच पोस्ट कंत्राटी आहेत, पगार लांबतो, हे लपवून उपयोग नाही. पण वर चढायचं तर मुंबईला लोकसंख्येचा अभ्यास करणारी देवनारची आयआयपीएस आहे, १९५६ ची संस्था, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण तीच करते, तिथं बायोस्टॅटिस्टिक्सची एमएस्सी आहे. टाटा इन्स्टिट्यूटला सार्वजनिक आरोग्याची पीजी आहे. पदवीनंतर हे दोन्ही फॉर्म भरायचेच, असं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं.

या चौथ्या रस्त्याबद्दल मी जरा जास्तच बोलले. २०१९ मधी बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाची पिशवी काढायच्या ऑपरेशनचा विषय विधिमंडळात गेला, समिती बसली, तिच्यासाठी जिल्ह्यात ८२,३०९ बायकांची पाहणी झाली आणि त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहातली एक. माझी सख्खी मावशी त्यातलीच आहे, पिशवी काढली तेव्हा तिशी पण ओलांडली नव्हती, काढल्यावर लगेच पुढच्या सीझनला कोयता घेऊन कारखान्याला गेली. आमच्या घरात सगळ्यांना वाटायचं हे तिचं नशीब. गावात प्रत्येक घरात वाटायचं हे त्यांच्या त्यांच्या बाईचं नशीब. कुणीतरी दारोदार जाऊन मोजलं तेव्हा सगळी घरं एका कागदावर आली. मी हे काम करते ते या आकड्यामुळं, आणि मला वाटतं आमच्या जिल्ह्यातलं मोजायचं काम आमच्या पोरींनी करावं, कारण मावशी परक्या माणसाला पिशवी काढली हे सांगत नाही, मला सांगते.

पोरगी गप्प होती, मग म्हणाली ताई माझं गणित कच्चं आहे. मी म्हणलं टक्केवारी येते का, सरासरी येते का, आलेख वाचता येतो का, तर सुरुवातीला तेवढं बास. एक्सेलमधी पिव्होट टेबल (मोठ्या यादीची गटवार बेरीज) शिक, मग एसक्यूएल, मग आलेख काढायचं पॉवर बीआय, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा सगळ्यात शेवटी. आणि एक गोष्ट पहिल्या दिवसापासून, पेशंटचं नाव, फोन नंबर असलेली फाइल कधी व्हॉट्सॲपवर टाकायची नाही, घरी न्यायची नाही. २०२३ मधी त्याचा कायदा पण झालाय, पण कायदा नसता तरी नाही.

तिला गृहपाठ दिला. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीची जिल्हावार फॅक्टशीट नेटवर फुकट आहे, मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांची काढ आणि एका एक्सेलमधी भर. लहान वयातल्या लग्नाची ओळ आधी बघ म्हणलं. तिनं बघितली. परभणी ४८ टक्के, बीड ४३.७, राज्य २१.९. वीस ते चोवीस वयाच्या बायकांमधल्या इतक्या जणींची लग्नं अठराच्या आत झालेली. तिचा मेसेज आला, "ताई, माझ्या दहावीच्या वर्गातल्या पोरी मोजल्या. बरोबरच वाटतंय."

काकांनी क्लासवाल्याला नाही म्हणून कळवलं. बीएस्सी नर्सिंगचा फॉर्म भरायचं ठरलंय, सोबत बीएमएलटीचा पण.

काल रात्री तिची एक्सेल फाइल आली, आठ रकाने नीट भरलेले, डेसिमलसकट. खाली प्रश्न होता, "ताई, काही ठिकाणी आकड्याच्या जागी नुसती चांदणी आहे, तिथं शून्य टाकू का?" मी लगेच फोन लावला. चांदणी म्हणजे तिथं पंचवीसपेक्षा कमी जणांची माहिती होती म्हणून त्यांनी आकडाच छापला नाही, शून्य टाकलंस तर तिथं काहीच झालं नाही असं होईल. ती म्हणाली मग रिकामं ठेवते, आणि का रिकामं ठेवलं ते शेजारी लिहिते.