पोरगी डॉक्टर नाही, इंजिनिअर होऊन राह्यली

आज बाबाले घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेलो होतो ईसीजी काढाले. कागदावर रेष निघाली तं करवतीच्या दातावानी नुसती थरथरलेली, सिस्टरनं परत काढून पाह्यला तरी तेच. संगं माही पुतणी होती, बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या (म्हंजे दवाखान्यातल्या मशिनीचं इंजिनिअरिंग) तिसऱ्या वर्षाले हाय, ती म्हणे काका हे हृदयाचं नोहे, लाईटीच्या लाईनीचं हाय. हृदयाचा सिग्नल चामडीवर येता येता जेमतेम 1 मिलिव्होल्ट राह्यते अन् त्याच्यावर 50 हर्ट्झची वीज चढते, मंग तिनं उजव्या पायाची क्लिप पाह्यली तं ढिली, जेली पार सुकलेली. तेच क्लिप, म्हंजे इलेक्ट्रोड, हा गोंधळ कमी कराले असते म्हणे. जेली लावून नीट बसवली, रेष एकदम साफ! लय अभिमान वाटला.

गावात लोकं अजूनबी पुसतात, मंग पोरगी डॉक्टर होईन का? अरे बाप्पा, इंजिनिअर होईन! बारावीले फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स अन् सीईटी, डॉक्टरकीची NEET परीक्षा लागत नाही. शिकाले असते इलेक्ट्रॉनिक्स, सिग्नल प्रोसेसिंग (सिग्नल साफ करून त्यातलं कामाचं काढणं) अन् संगंच शरीरशास्त्र. सगळे पोट्टे कॉम्प्युटरकडंच धावून राह्यले, फॉर्म भरताना ही ब्रँचबी पाहा ना. कोणाले माहिती पाह्यजे असन तं इनबॉक्स करा, पुतणी सुट्टीत घरीच हाय, बोलणं करून देतो.