काडेपेटीचे दोन कर्ण

मंगळवार

आज आयसोमेट्रिक पद्धतीने, म्हणजे लांबी, रुंदी, उंची तिन्ही एकाच मापाने दाखवत, काडेपेटीचं चित्र काढलं. पेटी पट्टीने मोजली तर लांबी ५ सेंटीमीटर, रुंदी साडेतीन आणि उंची दीड. कागदावर तिचा जवळचा, वरचा कोपरा म्हणून एक ठिपका दिला आणि त्यातून तीन रेषा काढल्या: एक सरळ खाली, एक उजवीकडे ३० अंश वर जाणारी, एक डावीकडे तशीच. ३०-६० चा गुण्या हाताशी असला की कोनमापक लागतच नाही. तिन्ही रेषांमध्ये १२० अंशांचे सारखे कोन पडतात. लांबी उजव्या रेषेवर, रुंदी डाव्या रेषेवर, उंची उभ्या रेषेवर, सगळी मापं जशीच्या तशी. मग नुसत्या समांतर रेषा ओढत गेलं की पेटी पुरी होते.

यथार्थदर्शनात (दूरचं लहान दाखवणाऱ्या चित्रात) मागची कड किती आखूड करायची याचा सारखा अंदाज बांधावा लागतो. इथे समांतर कडा समांतरच राहतात, कुठल्याही बिंदूला जाऊन मिळत नाहीत. डोळ्याला खरं तसं दिसत नाही, हे मान्य. तरी नवशिक्याने सुरुवात इथूनच करावी असं माझं ठाम मत आहे, कारण काढलेल्या चित्रावर पट्टी ठेवली की वस्तूचं माप परत मिळतं. (काटेकोर प्रक्षेपात, म्हणजे वस्तूची कागदावर सरळ पडणारी छाया मोजली तर, तिन्ही बाजू ०.८१६ पट भरतात. आपण पुरी लांबी घेतो म्हणून चित्र साधारण १.२२ पट मोठं येतं. आकार तोच राहतो, म्हणून सरावात कोणी तिकडे लक्ष देत नाही.)

पण ही मोजणी फक्त त्या तीन दिशांपुरती. पेटीच्या वरच्या बाजूचे दोन्ही कर्ण खरे तर सारखेच, सुमारे ६.१ सेंटीमीटर. चित्रात डावीकडून उजवीकडे जाणारा भरला ७.४ आणि पुढून मागे जाणारा ४.४. पट्टी हातात धरून कितीतरी वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत राहिले. एक इतका ताणला गेला, दुसरा इतका दबला, आणि तरीही डोळ्याला ती बाजू सपाट, काटकोनी आयतच दिसते!

गुरुवार

उतरत्या माथ्याचा ठोकळा. उताराची रेषा तीनपैकी कुठल्याच दिशेला जात नाही, म्हणजे तिची लांबी मोजून घेता येत नाही आणि कोनमापक लावूनही उपयोग नाही. उपाय एकच: आधी ठोकळा पुरता मावेल अशी पेटी फिकट काढायची, उताराची दोन्ही टोकं पेटीच्या कडांवर मोजून खुणा करायच्या, मग टोकं जोडायची. तिरकी रेषा शेवटी येते, आपसूक येते.

पायऱ्याही अशाच काढल्या. अखंड पेटी, आणि तिच्यातून एकेक तुकडा कापत जायचं. आता टेबलावरची कुठलीही वस्तू दिसली की ती कोणत्या पेटीतून कोरून निघेल हेच आधी मनात येतं, आणि मला हे फार आवडायला लागलंय.

आणखी एक गोष्ट. घन काढला की बाहेरची रेघ नियमित षटकोनाची होते आणि जवळचा कोपरा बरोबर मध्यावर येतो. मागचा, न दिसणारा कोपराही त्याच बिंदूवर असतो. म्हणून ते चित्र जरा टक लावून पाहिलं की उलटतं: घनाच्या जागी खालून पाहिलेला छताचा कोपरा दिसू लागतो. वरची बाजू कोरी, एक बाजू हलकी, एक गडद, इतकी छटा दिली की घन जागेवर बसतो.

शनिवार

ही पद्धत रीतसर मांडली ती केंब्रिजचे प्राध्यापक विल्यम फॅरिश यांनी; त्यांचा लेख १८२२ चा. ते व्याख्यानांसाठी यंत्रांच्या प्रतिकृती सुट्या भागांतून जोडत आणि नंतर मोडून ठेवत. त्या पुन्हा जोडणाऱ्या मदतनीसांना कुठला भाग कुठे बसतो हे एकाच चित्रात कळायला हवं होतं. गरजच इतकी नेमकी होती, मग रीतही तशीच नेमकी निघाली.

आज वर्तुळाला हात घातला. चौरस तिरपा होऊन ६० आणि १२० अंशांचा समभुज चौकोन होतो, त्यात वर्तुळाचं लंबवर्तुळ बसतं. दोन्ही बोथट कोपऱ्यांतून समोरच्या बाजूंच्या मध्यांना रेषा काढल्या. त्या लांब कर्णावर जिथे छेदतात ती दोन केंद्रं, आणि बोथट कोपरे ही आणखी दोन. चार केंद्रांवरून चार कंस काढले की आकृती जुळते. ती अगदी खरं लंबवर्तुळ नव्हे. थोडी आखूड, थोडी फुगीर येते, पण कंपासने काढायची तर इतकी सुबक दुसरी रीत मला ठाऊक नाही.

हाताने काढताना एकच पाहायचं: लंबवर्तुळाचा छोटा अक्ष नळकांड्याच्या अक्षाच्या दिशेने गेला पाहिजे. उभ्या नळकांड्याचं तोंड म्हणून आडवं पसरतं. तेच नळकांडं उजवीकडे आडवं ठेवलं की तोंड तिरकं होतं. आजचं पान उभ्या नळकांड्यांनी भरलं, आडवी उद्या घेणार. भोक पाडलेला ठोकळा त्यानंतर, कारण भोकाच्या आतली मागची कड कितपत दिसेल ते ठोकळ्याच्या जाडीवर ठरतं आणि ते दोन-तीन जाड्या घेऊन बघायचं आहे.