जळण वाजवून घ्यायचं असतं

नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुपारी शेजारच्या आजी दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात घरी केलेला केक, आवाज अगदी मऊ. "तुमच्या धुराड्यातून फार धूर येतोय गं. लाकूड ओलं आहे का?" मी केक घेतला, आभार मानले, दार लावलं आणि जिन्याच्या पायरीवर बसून रडले. बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीच्या पलीकडच्या वाडीत सातव्या वर्षापासून चूल पेटवत आलेल्या मुलीला कुणी धुराबद्दल सांगावं, हे मला फार लागलं.

आम्ही इंग्लंडातल्या वेस्ट यॉर्कशायरमध्ये राहतो. दगडी भिंतींचं जुनं घर, खाली दोन खोल्या, वर दोन, दोन्ही बाजूंना दुसऱ्यांची घरं चिकटलेली. गॅसचा बॉयलर आहे, पण २०२२ च्या एप्रिलमध्ये इथला गॅस-विजेचा सरकारी कमाल दर एकदम ५४ टक्क्यांनी चढला आणि त्या हिवाळ्यात आम्ही घरात स्वेटरवर स्वेटर घालून बसलो. बसायच्या खोलीत जुनं धुराडं होतंच. म्हणून लाकडाचा स्टोव्ह घ्यायचं ठरवलं. हौस म्हणून घेतला नाही, हे मुद्दाम सांगते, कारण फोटो टाकल्यावर गावाकडून "काय थाट आहे" असे बरेच मेसेज आले.

दुकानात मी आठ किलोवॅटचा पसंत केला होता. थंडी मोठी म्हणून स्टोव्हही मोठा, असा माझा हिशेब. बसवून देणारा माणूस टेप घेऊन आला. चार मीटर लांब, चार पूर्णांक दोन रुंद, दोन पूर्णांक चार उंच. म्हणजे चाळीस घनमीटर. त्याला चौदाने भागलं. "तीन किलोवॅटसुद्धा लागत नाहीत तुम्हाला," म्हणाला. हा इथला ढोबळ हिशेब आहे, भिंती फार गळक्या नसतील तर. मी म्हटलं, मोठा घेऊन मंद ठेवीन. तर तो खालीच बसला आणि समजावू लागला. मोठा स्टोव्ह छोट्या खोलीत तापला की बसवत नाही, मग माणूस हवा बंद करतो. हवा कोंडली की लाकूड जळायचं सोडून नुसतं धुमसतं, काच काळी होते, धुराड्यात आतून डांबरासारखा थर बसतो आणि एखाद्या दिवशी तो थरच पेट घेतो. लग्नाच्या आचाऱ्याच्या भट्टीवर दोन कप चहा ठेवल्यासारखं. शिवाय पाच किलोवॅटच्या वर गेलं तर नियमाने भिंतीला कायमचं भोक पाडावं लागतं, आत हवा यायला. शेवटी चारचा घेतला.

बिडाचा की पोलादी पत्र्याचा, यावर दोन आठवडे गेले. बिडाच्या तव्यावरचं आंबोळं आठवून मन बिडाकडेच ओढत होतं. बीड सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. पण मी हॉस्पिटलच्या वॉर्डातून संध्याकाळी साडेसातला घरी येते, मला अर्ध्या तासात ऊब हवी. पत्रा घेतला.

तो पहिल्यांदा नीट पेटला त्या संध्याकाळचं थोडं जास्त लिहिते, कारण तसलं मी कधी पाहिलं नव्हतं. खालच्या हवेवर लाकूड धरतं, एवढं आपल्या चुलीसारखंच. पण मागच्या बाजूने, वरच्या अंगाला बारीक भोकं आहेत, त्यातून तापलेली हवा आत येते. लाकडातून निघालेला धूर त्या हवेला भेटला की तोच पेटतो. लाकडाला न टेकता वरच्या वर निळसर पिवळी ज्योत अधांतरी हलत असते. काचेपुढे मी जेवणाचं ताट मांडीवर घेऊन बसले आणि भात गार होईपर्यंत बघत राहिले. जो धूर आईच्या डोळ्यांत गेला, आजीच्या छातीत गेला, स्वयंपाकघराची कौलं आतून काळी करून गेला, तोच इथे जळून ऊब देत होता.

तरीही मग नोव्हेंबरात धूर का झाला? स्टोव्ह चांगला होता, लाकूड नव्हतं.

इथे धुराचा कायदा कडक आहे. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर कोळशाच्या धुराचं धुकं बसलं, माणसं हजारोंनी मेली, मग १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा आला. आमची गल्ली धूरबंदीच्या हद्दीत येते. मान्यताप्राप्त स्टोव्ह चालतो, पण धुराड्यातून धूर दिसला तर तीनशे पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. दोन घनमीटरपेक्षा कमी जळण विकायचं तर त्यात वीस टक्क्यांहून जास्त ओल चालत नाही. मी स्वस्त पडतं म्हणून एका शेतकऱ्याकडून त्याहून मोठी गाडी घेतली. तेवढ्या मालाला ती अट नाही, फक्त कसं आणि किती वाळवायचं याचा कागद विकणाऱ्याने द्यायचा असतो. त्याने दिला होता. मी तो वाचून ड्रॉवरमध्ये ठेवला, कारण जळण मला कळतं असं मला वाटत होतं.

आणि कळतंच होतं, हे मी आजही म्हणते. आपल्याकडे शिमगा झाला की लाकडं फोडायची, उन्हात टाकायची आणि मिरग लागायच्या आत सगळं माळ्यावर. कणकुंबीकडचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना हे कारणासकट माहीत आहे. चिकोडीच्या मावशीकडे बाभळीचं जळण, निखारा रात्रभर टिकायचा. आमच्याकडे किंदळ, जांभूळ. पांगाऱ्याला कुणी हात लावायचं नाही. फक्त आपलं ऊन इथे नाही, हे मी धरलंच नव्हतं. आपल्याकडे तीन महिन्यांत होतं ते ओकला इथे दोन वर्षं लागतात.

धुराचं शहाणपण फक्त यांच्याकडेच आहे असंही नाही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अस्त्र गटाने धुराड्याची तीन तोंडांची चूल करून कर्नाटकातल्या खेड्यांत नेली, त्यालाही किती वर्षं झाली. आमच्या वाडीतही कुठल्याशा योजनेत निर्धूर चुली आल्या होत्या. नळ काजळीने तुंबले, झाडायला कुणी आलं नाही, बायकांनी त्या फोडून पुन्हा आपल्या चुली घातल्या. इथे वर्षातून एकदा धुराडं झाडणारा माणूस येतो, ब्रश लावतो, प्रमाणपत्र देऊन जातो. मला हेवा वाटतो तो त्या माणसाचा. आईकडे दोन सिलिंडर आहेत, पैसे मी पाठवते, संपायच्या आत पाठवते. तरी भाकरी ती चुलीवरच करते आणि खोकते. मी तिथे असते तरी तिने ऐकलं नसतं.

आजी येऊन गेल्या त्या रात्री आईला व्हिडिओ कॉल केला. सगळं सांगितलं. तिने विचारलं, "वाजवून बघितलीस काय?"

खानापुरात मडकं घेताना आपण बोटाने वाजवून घेतो, तसं. दोन लाकडं घेऊन फोनपुढे एकमेकांवर मारली. "भिजलेल्या भिंतीवर थाप मारल्यागत वाजतंय की गं. ठण्ण वाजाय पाहिजे. ठेव बाजूला." दुसऱ्या दिवशी सगळी रास परसात रचली, वरून पत्रा, बाजू मोकळ्या. तो हिवाळा दुकानातल्या पिशव्यांवर काढला, महाग पडला.

या सप्टेंबरात ओल मोजायचं यंत्र घेऊन परसात गेले. दोन सुया लाकडात रुतवायच्या, आकडा येतो. सतरा आला. आनंदाने आईला फोन लावला आणि दोन ओंडके वाजवून ऐकवले.

"अजून न्हाई."

"अगं, यंत्र सतरा दाखवतंय."

"फोड बघू ते."

कुऱ्हाड आणली, ओंडका उभा फोडला आणि आतल्या ताज्या बाजूला सुया लावल्या. सव्वीस. यंत्रासोबतची चिठ्ठी मग उघडली, तर पहिलीच सूचना तीच होती, फोडून आतून मोजा. आई साडेचार हजारांहून जास्त मैलांवरून नुसत्या आवाजावर तेच सांगत होती, आणि तिला त्याचं काही विशेष वाटलं नाही. ती कॅमेऱ्यातून माझी रास बघत होती.

"आणि एक उन्हाळा खाऊ दे त्याला," म्हणाली. "आणि ते खालचं लाकूड मातीला टेकलंय बघ. त्याच्याखाली दोन इटा घाल."

विटा घातल्या.