आमची वाटचाल : चौकटीवरच्या रेघा

आमच्या नाशिकच्या ॲनिमेशन स्टुडिओत कुणी नवीन आलं की मी आधी कॉम्प्युटर दाखवत नाही, एक दाराची चौकट दाखवते. जुनी सागवानी, एका अंगाला वाळवीने खाल्लेली. रविवार कारंज्याजवळचा आमचा भाड्याचा वाडा पाडला, तेव्हा दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती लाकूडवाल्याकडून पैसे देऊन परत आणली. चौकटीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीच्या रेघा आहेत. माझ्या आणि माझ्या भावाच्या उंचीच्या, दर पाडव्याला मारलेल्या. माझी शेवटची रेघ नववीतली. त्यानंतर मीच नको म्हणाले होते.

आमचा स्वतःचा पहिला एपिसोड या रेघांतून निघाला. मुलांसाठीची अकरा मिनिटांची जादूची गोष्ट, नाव ‘उंचीची रेघ’. तो पुरा व्हायला तीन वर्षं लागली. आमच्या धंद्यात जे काही शिकलो ते बहुतेक या तीन वर्षांत, म्हणून त्याआधीचं थोडक्यात सांगते.

दादा साइनबोर्ड पेंटर. दुकानांच्या पाट्या, टेम्पोमागची अक्षरं, निवडणुकीत रंगवलेल्या भिंती, यावर आमचं घर चाललं. फ्लेक्स आला आणि बघता बघता ते काम आटलं. मी ॲनिमेशन शिकून मुंबईला गेले, गोरेगावात दोन वर्षं दुसऱ्यांनी काढलेल्या मुख्य चित्रांच्या मधली, हालचाल जोडणारी चित्रं काढली. आईच्या आजारपणात परत आले ती इथेच राहिले. माळ्यावरच्या खोलीत एक कॉम्प्युटर, एक पेन टॅबलेट आणि एक इन्व्हर्टर, अशी सुरुवात झाली. महागडी सॉफ्टवेअर घ्यायची ऐपत नव्हती. ब्लेंडर फुकट होतं, आणि २०१६ मध्ये ओपनटून्झही सगळ्यांना मोफत खुलं झालं. त्या दोघांनी आम्हाला तारलं, हे मी आजही प्रत्येक नव्या मुलाला सांगते.

पहिलं पैशाचं काम मिळालं ते द्राक्षाचं. एका कृषी सेवा केंद्राला शेतकऱ्यांसाठी छाटणीचा व्हिडिओ हवा होता. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी बहार छाटणी, कुठल्या डोळ्यावर कात्री लावायची, डोळा फुटून काडी कशी पुढे येते. त्यासाठी मी पिंपळगावच्या एका बागेत जाऊन बसले आणि एकाच काडीचं रोज चित्र काढलं. वाढ ही सगळीकडून सारखी होत नाही, शेंडा पळतो आणि बुडखा सावकाश जाड होतो, हे तिथे कळलं. पुढे मुलीची वाढ काढताना हेच उपयोगी पडलं.

नाशिकमध्ये हे काम करायचं तर फाळक्यांची आठवण निघणारच. दादासाहेबांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७० चा. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये, त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम करत महिन्याहून जास्त दिवस टिपली. बी रुजतं, अंकुर फुटतो, वेल वर चढतो. ते दाखवून त्यांनी सिनेमासाठी पैसे उभे केले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. शाळेच्या सहलीत तिथे मी फक्त डबा खाल्ला होता. वाटाण्याची गोष्ट मोठेपणी वाचली आणि अंगावर काटा आला. आपल्या देशात एकेक फ्रेम करून काय दाखवायचं ठरलं, तर वाढणं!

आता एपिसोडकडे येते. तेजू नऊ वर्षांची. वाड्याच्या माळ्यावर एक अडीच फुटी दार आहे. त्यापलीकडे उलटी वाहणारी नदी आहे, होड्या आहेत, कंदील घेऊन फिरणारी वटवाघळं आहेत. पण त्या दारातून लहानच माणूस जाऊ शकतं. तेजूचा मोठा भाऊ आता मावत नाही, म्हणून तो माळ्यावर येणंच सोडतो. एका पाडव्याला तेजूची रेघ चार बोटं वर जाते आणि ती घाबरते. रात्री उठून खोडरबर घेऊन चौकटीपाशी येते.

नदी गोष्टीत आली ती आमच्या गावामुळे. पावसाळ्यात नाशिककर फोनवर विचारतात, ‘पाणी कुठवर आलं? मारुतीच्या कमरेला का छातीला?’ गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती हे आमचं पुराचं माप. नदीसुद्धा कुणाला तरी पाठ लावून उंची मोजते, हे मला लहानपणापासून वाटायचं. पण देवाचं कार्टून करायचं नाही, हे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं. माप घेतलं, मूर्ती घेतली नाही.

पहिली मोठी चूक वाढण्याच्या प्रसंगात झाली. तेजू झोपेत वाढते, असं चाळीस सेकंदांचं दृश्य होतं. आम्ही तिची आकृती सावकाश मोठी करत नेली. बघितलं तर मुलगी वाढलीच नव्हती, नुसती कॅमेऱ्याजवळ आली होती. दादा मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, ‘अगं, मूल असं फुगत नाही. आधी चपला लहान होतात.’

ते अगदी खरं आहे. वयात येताना आधी पावलं आणि हात वाढतात, मग पाय लांब होतात, धड सगळ्यात शेवटी. डोक्याचं गणित वेगळंच. जन्मलेल्या बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या पाव असतं, मोठ्या माणसाचं साधारण सातवा-आठवा भाग. म्हणजे डोकं त्या मानाने कमी वाढतं आणि बाकीचं शरीर त्याला गाठत जातं. आम्ही तो प्रसंग फेकला आणि हाताने काढायला घेतला. सेकंदाला २४ फ्रेम, एक चित्र दोन फ्रेमना धरायचं, म्हणजे सेकंदाला बारा. चाळीस सेकंदांची ४८० चित्रं. सगळा एपिसोड असा काढायचा तर ७,९२० झाली असती. आम्ही पाच जण, ते झेपणारं नव्हतं. म्हणून बाकीच्या एपिसोडला सुट्या हातापायांच्या जोडलेल्या बाहुल्या आणि हा एक प्रसंग हाताने. आधी अंथरुणाबाहेर टाच येते, मग मनगट बाहीतून डोकावतं, मग परकराचा काठ घोट्याच्या वर जातो. चेहऱ्याला आम्ही शेवटपर्यंत हात लावला नाही. नंतर फक्त डोळे कपाळाकडे किंचित सरकवले.

मागची सगळी दृश्यं दादांनी रंगवली. पोस्टर कलरने, कागदावर, मग स्कॅन करून. हात कापतो म्हणून त्यांनी पाट्या सोडल्या होत्या, पण वाड्याच्या भिंतीला कापरी रेघच शोभून दिसली. आमच्या एका मुलाने भिंत पांढरी केली होती. दादांनी ती पुसायला लावली. बशीत पांढरा घेतला, त्यात ब्रशच्या टोकाएवढी पिवळी माती, मग काळ्याऐवजी निळ्याचा एक थेंब. कोनाड्याच्या वर दिव्याची काजळी आली ती बोटाने. ‘चुन्याची भिंत पांढरी नसते, ती कधीतरी पांढरी होती,’ असं म्हणाले. त्या दिवशी स्टुडिओतल्या सगळ्यांनी आपापले रंग पुन्हा तपासले.

काम अर्ध्यावर असताना पैसे संपले. परगावच्या एका कंपनीसाठी आम्ही चार महिने मधली चित्रं काढली होती, त्या बिलावर एपिसोड चालणार होता. बिल आलंच नाही. फोन उचलायचेही बंद झाले. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, असा २००६ चा कायदा आहे, पण आमची नोंदणीच नव्हती, त्यामुळे त्याचा आधार घेता आला नाही. आता उद्यम नोंदणी आहे, आणि अर्धे पैसे हातात आल्याशिवाय फाइल उघडत नाही. छोटा स्टुडिओ चालवणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे, चित्राआधी हा कागद करा.

त्या वर्षी एपिसोड दहा-अकरा महिने बंद राहिला. बिल्डरांच्या इमारती आणि ठिबकचे व्हिडिओ करून पगार दिले. पुन्हा सुरू केलं तेव्हा तेजूच्या भावाचे उरलेले संवाद घ्यायचे होते. त्याला आवाज देणारा मुलगा माइकसमोर उभा राहिला, बोलायला तोंड उघडलं आणि आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. त्याचा आवाज फुटला होता. अर्धा एपिसोड बारीक आवाजात, अर्धा घोगऱ्या. त्याचे डोळे भरून आले, त्याला वाटलं काम गेलं. मी त्याला बाहेर नेऊन उसाचा रस पाजला आणि रात्री पटकथा पुन्हा उघडली. भाऊ माळ्यावर यायचं का सोडतो, हे आम्हाला आधी नीट सांगता येत नव्हतं. आता तो दारापाशी येऊन नेहमीसारखी हाक मारतो आणि पलीकडची वटवाघळं तो आवाज ओळखत नाहीत. एपिसोडमधला मला सगळ्यात जवळचा प्रसंग तो आहे, आणि तो त्या मुलाचा आहे.

यूट्यूबवर मुलांसाठीचा व्हिडिओ टाकताना तो मुलांचा आहे असं सांगावं लागतं, २०२० पासून. तसं सांगितलं की खालचे अभिप्राय बंद होतात आणि बघणाऱ्याच्या आवडीनुसार लागणाऱ्या जाहिरातीही. मुलांच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण पैसे कमी मिळतात आणि मुलांना काय वाटलं ते कळत नाही. म्हणून आम्ही आधी प्रोजेक्टर घेऊन त्र्यंबक तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत गेलो. खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला.

तेव्हाचा शेवट असा होता, की तेजू रेघ न पुसता खोडरबर ठेवून देते आणि दाराचा निरोप घेते. मोठ्या माणसांना तो फार आवडला होता. मुलं गप्प बसली. मग तिसरीतली एक मुलगी उठून म्हणाली, ‘पण बाई, तिच्या मामाची बारकी आहे ना, तिला कुणी सांगितलंच नाही का दाराचं?’

मामाची बारकी आमच्या गोष्टीत एकाच दृश्यात होती, आईच्या कडेवर. परत येताना गाडीत कुणी बोललं नाही. महिरावणीच्या पुढे आल्यावर दादाच म्हणाले, ‘पंचवीस सेकंद वाढव.’ तीनशे चित्रं आणखी काढली. तेजू वाकते, मामेबहिणीला काखेत धरून वर उचलते, दारातून तिचे पाय आत जातात, आणि तेजूच्या हातात तिची एक चप्पल राहते. एवढंच. तीच फिल्म घेऊन त्याच शाळेत पुन्हा गेलो. ती मुलगी पहिल्या रांगेत बसली होती, आणि चप्पल राहिली तेव्हा टाळ्या तिनेच सुरू केल्या.

सध्या दुसरा एपिसोड हातात आहे, पुराचा. पटकथा झाली, आवाज झाले. दादांचं मात्र पाण्याच्या रंगावर अडलंय. पुराच्या गोदावरीला लोक चहाचा रंग म्हणतात. त्यांच्या मते त्यात तांबडं कमी आणि राखी जास्त असतं, आणि पुलाच्या सावलीत ते पाणी वेगळंच दिसतं. पाऊस लागला की बश्या आणि कागद घेऊन पुन्हा घाटावर जायचं आहे.