आबांच्या पेसमेकरमधल्या नोंदी

पेसमेकर म्हणजे हृदयाला ठोके देणारं छातीतलं यंत्र. ते बसवलेल्या माणसाच्या छातीवर तपासणीच्या यंत्राचा, म्हणजे प्रोग्रामरचा, वँड ठेवला की ते बोलायला लागतं. बॅटरी किती उरली, हृदयापर्यंत गेलेली तार धड आहे का, किती ठोके हृदयाचे आणि किती यंत्राने दिलेले, मधल्या काळात काही वेगळं घडलं का, सगळं तारीख-वेळेसकट. जळगावातल्या एका दवाखान्यात मी हे तपासणीचं काम करतो. रावेर-यावलकडचे केळीवाले शेतकरी माझ्याकडे बरेच येतात. ही गोष्ट त्यांच्यातल्याच एका आबांची.

आबांना कम्प्लीट हार्ट ब्लॉक. म्हणजे वरच्या कप्प्यांकडून निघालेला संकेत खाली पोचतच नाही. यंत्राने ठोका दिला नाही तर हृदय एक तर फार मंद चालतं, नाही तर थांबतं. यंत्र बसल्यावर पहिले काही महिने छान गेले. उन्हाळा लागला आणि चकरा सुरू झाल्या. एकदा तर बागेतच कोसळले, काही क्षण शुद्ध गेली.

मुलगा सोबत आला तो निदान करूनच. गावात नवा मोबाईल टॉवर झाला होता. त्याने घरातलं वायफाय काढून टाकलं, आबांचा फोन कपाटात ठेवला, नातवंडांना फोन घेऊन आजोबांजवळ फिरकायची बंदी केली आणि टॉवर हटवा म्हणून ग्रामपंचायतीत अर्जही दिला. "साहेब, रेडिएशननं मशीन बंद पडतं म्हणे," असं म्हणून त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मजकूर दाखवला. त्यात २०११ सालचा दाखला होता: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मोबाईलच्या लहरी '२ बी' गटात टाकल्या. ते खरं आहे. त्या गटाचा अर्थ 'कदाचित कर्करोगकारक, पुरावा मर्यादित' असा आहे, आणि तो प्रश्न कर्करोगाचा आहे, चक्करेचा नाही. पण ज्याच्या डोळ्यांदेखत बाप कोसळला, त्याला आधी हे ऐकवत बसण्यात अर्थ नव्हता. मी वँड ठेवला.

नोंदी निघाल्या. यंत्राने 'नॉइज', म्हणजे हृदयाबाहेरचा गोंधळ, म्हणून टिपलेले प्रसंग, आणि त्यातल्या काहींच्या संकेताची पट्टीही साठवलेली. पट्टीवर हृदयाच्या ठोक्यांऐवजी बारीक, दाट, एकसारखे दात. मोजले तर सेकंदाला पन्नास. पन्नास हर्ट्झ म्हणजे आपल्या घरच्या, शेतातल्या विजेची वारंवारता. टॉवर आणि फोन शेकडो ते हजारो मेगाहर्ट्झवर चालतात. त्या लहरी अडवायला पेसमेकरच्या तोंडाशीच फिल्टर असतात. पन्नास हर्ट्झला तसं सरसकट अडवता येत नाही, कारण ठोक्याचा संकेतही त्याच्याच आसपासच्या वारंवारतेत येतो. ते अडवलं तर यंत्र हृदयालाही बहिरं होईल. खालच्या कप्प्यातली तार साधारण दोन-अडीच मिलिव्होल्टचा संकेत आला की 'ठोका पडला' असं समजते. बाहेरचा प्रवाह शरीरातून गेला आणि यंत्राने त्यालाच ठोका मानलं, की ते स्वतःचा ठोका देत नाही. यंत्राला गोंधळ कळला तर ते आंधळेपणाने ठरावीक गतीने ठोके देऊ लागतं, पण ते दर वेळी वेळेवर कळेलच असं नाही. तेवढ्या काही सेकंदांत आबांना चक्कर येत होती.

मग वेळा पाहिल्या. काही दिवस सगळे प्रसंग मध्यरात्रीनंतरचे. पुढचे काही दिवस सगळे दुपारचे. पुन्हा रात्रीचे. मी कागद मुलापुढे सरकवला आणि विचारलं, यात काही ओळखीचं दिसतं का? तो बोट फिरवत खाली गेला आणि थांबला.

"ही तर शेतीच्या लाईटची पाळी आहे!"

थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री. फेज आली की ऑटोवर मोटार आपोआप सुरू होते, पण कोणत्या भागाला पाणी द्यायचं त्याचा कॉक हातानेच फिरवावा लागतो. दिवस असो की रात्र, तो फिरवायला आबाच जात. ओल्या मातीत, अनवाणी.

"आबा, कॉकला हात लावल्यावर काही जाणवतं?"

"जरासं झिणझिणतं. ते तं नेहमीचंच."

मुलाने त्याच संध्याकाळी गावच्या वायरमनला शेतात नेलं आणि तिथून मला फोन केला. मोटार चालू असताना लोखंडी पाइप आणि ओली जमीन यांच्यामध्ये मल्टीमीटरवर आठ-दहा व्होल्ट. स्टार्टरच्या पेटीची अर्थिंगची तार गंजून तुटलेली, अर्थिंगचा खड्डा कोरडा ठक्क. ट्यूबवेलमध्ये उतरलेल्या केबलचा जोडही पाणी धरत होता. निबर हातांना नुसती झिणझिण वाटावी एवढाच प्रवाह, पण पेसमेकरची तार त्याहूनही कमी प्रवाह पकडू शकते.

जोड बदलला. मीठ-कोळसा भरून नवी अर्थिंग झाली. मुलगा म्हणाला, आता ईएलसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवतो म्हणजे चिंता नको. बसवच म्हटलं, जीव वाचवणारी वस्तू आहे. पण ते सहसा तीस मिलिअँपिअरला तुटतं आणि आबांच्या यंत्राचा गोंधळ त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो, म्हणून कॉकला आबांनी हात लावायचा नाही. डॉक्टरांनी सेन्सिंगची, म्हणजे यंत्र ठोका कसा ओळखतं त्याची, मांडणीही बदलून दिली.

टॉवरबद्दलही बोललो. आपल्याकडे १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. शंका असेल तर दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' पोर्टलवर पैसे भरून मोजणी करून घेता येते. आणि फोन आबांना परत दे म्हणालो, फक्त बंडीच्या डाव्या खिशात नको. तिथे यंत्र आहे. फोनपेक्षा त्यातल्या किंवा कव्हरमधल्या चुंबकाची धास्ती जास्त, कारण चुंबक जवळ आलं की पेसमेकर आपली पद्धत बदलतो. पंधरा सेंटिमीटर अंतर आणि उजवा कान, एवढं पुरे.

पुढच्या तपासणीला पन्नास हर्ट्झचा एकही प्रसंग निघाला नाही.

तेव्हापासून शेतकरी तपासणीला आला की बॅटरी बघायच्या आधी मी विचारतो: मोटारीवर कोण जातं, पायात काय असतं, पाइपाला हात लावल्यावर झिणझिणतं का? बरेच जण हसून म्हणतात, "ते तं सगळीकडंच झिणझिणतं." मग मी त्यांच्या घरच्या माणसाला आत बोलावून घेतो.