शिंक येण्याआधी

शनिवार, रात्री साडेदहा

आज बरोबर १२ आठवडे झाले. धाकट्या जावेने अमेरिकेहून आणून दिलेले, योनिमार्गात वापरायचे लाल प्रकाशाचे आणि मंद कंपनाचे उपकरण मी दिवसाआड १० मिनिटे वापरते आहे, आणि त्याच्या जोडीला फिजिओथेरपिस्ट बाईंनी शिकवलेला व्यायाम रोज ३ वेळा करते आहे. कशामुळे किती फरक पडला, हे विसरण्याआधी लिहून ठेवते.

दुसऱ्या बाळंतपणापासून शिंकले, खोकले किंवा भरलेली बादली उचलली की थोडी लघवी होत असे. पाळी गेल्यावर त्यात कोरडेपणाची आणि आगीची भर पडली. लग्नकार्याला मी कायम गडद साडी नेसत असे. त्याचे कारण घरात कुणालाच ठाऊक नव्हते. सासूबाईंचे तर अंग, म्हणजे गर्भाशय, बाहेर येत होते, आणि ते त्यांनी शेवटपर्यंत लपवले. त्यांना कोणी विचारलेच नाही, याचे मला आजही फार वाईट वाटते.

पहिल्याच तपासणीत बाईंनी सांगितले, की मी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याऐवजी पोट आणि मांड्या आवळते आहे. हे स्नायू दिसत नाहीत, त्यामुळे ते नेमके कोणते हे कळणेच सर्वांत अवघड असते. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली हा व्यायाम मांडला, तेव्हा त्यांनीही स्त्रीला स्वतःच्या आवळण्याचा दाब दिसावा म्हणून एक मापक वापरला होता. कंपनाचा मला झालेला उपयोग याच जातीचा आहे. कंपनाने स्नायूतील ताण ओळखणारे तंतू जागे होतात आणि स्नायू प्रतिक्षिप्तपणे किंचित आकुंचन पावतो; तिसऱ्या आठवड्यात ती हालचाल मला प्रथमच नीट जाणवली, आणि मग उपकरणाशिवायही तिथेच आवळता येऊ लागले.

प्रकाशाबद्दल मात्र मी इतक्या खात्रीने लिहू शकत नाही. पेशींतील ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियामधले एक विकर (एन्झाइम) लाल प्रकाश शोषून घेते, हे खरे आहे. पण तो प्रकाश ऊतींमध्ये काही मिलिमीटरच शिरतो, तेव्हा खोलवरच्या स्नायूला त्याने बळ येते असे मानायला माझे मन तयार नाही. ऊब सुखावते, एवढे निश्चित. आग आणि कोरडेपणा कमी झाला खरा, पण त्याच काळात डॉक्टरांनी इस्ट्रोजेनचे मलमही दिले होते, म्हणून त्याचे श्रेय मी दिव्याला देणार नाही.

जावेने याच प्रकारचे म्हणून लेझरचेही नाव घेतले होते. ते वेगळे आहे. जुलै २०१८ मध्ये औषधे आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने योनिमार्गाच्या तथाकथित नवतारुण्यासाठी लेझर वापरण्याविरुद्ध इशारा दिला, कारण त्यात भाजणे, व्रण आणि कायमच्या वेदना झाल्याच्या तक्रारी होत्या. आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत वर्षभरानंतर खऱ्या आणि लुटुपुटीच्या लेझर उपचारांत लक्षणांचा उल्लेखनीय फरक आढळला नाही. माझे उपकरण साध्या एलईडीचे असले, तरी ते सुरू करण्याआधी मी स्वतःला तपासून घेतले, हे बरे केले. पाळी गेल्यानंतर रक्तस्राव होत असेल, जंतुसंसर्ग असेल किंवा स्नायू आधीच आखडलेले असतील, तर मुळात हा मार्गच नाही; आखडलेल्या स्नायूंना आधी सैल सोडायला शिकावे लागते, असे बाईंनी बजावले होते.

आज सकाळी फोडणीत मिरची करपली आणि नाक हुळहुळले. शिंक येण्याआधी क्षणभर स्नायू आवळायचा, ही बाईंची शिकवण आता न आठवताच घडते. तीन शिंका आल्या, आणि पातळ कोरडे राहिले. ओट्याला धरून मी जराशी रडले.

संध्याकाळी वन्सं आल्या होत्या. त्यांना मी सगळे सांगितले, तेव्हा बराच वेळ गप्प राहून त्यांनी हळूच उपकरण मागितले. ते एकमेकींचे वापरायचे नसते, म्हणून बाईंचा दूरध्वनी क्रमांक दिला. बुधवारी ११ची वेळ मिळाली आहे. मीही त्यांच्याबरोबर जाणार आहे.