हिरवळीखाली हुमणी
परभणीत अंगणात लॉन लावलं तेव्हाच आई म्हणाली होती, "ह्या गवताला जनावर कुठंय आपलं?" भाद्रपदात पिवळे चट्टे पडले. पाणी कमी पडतंय समजून मी आठ दिवस पाइप धरून उभा! चट्टे वाढतच गेले. शेवटी मूठभर गवत ओढलं, तर गोधडी उचलावी तसं अख्खं हातात आलं, मुळंच नव्हती. खाली तपकिरी डोक्याच्या, अर्धगोल मुडपलेल्या पांढऱ्या अळ्या. आई लांबूनच म्हणाली, "हुमणी हाय ती. उसात बघितली नाहीस व्हय?"

वीतभर जागेत सात निघाल्या. वेचून साबणाच्या पाण्यात टाकल्या, ओल्या मातीत निंबोळी पेंड आणि मेटारायझियम ही अळ्या मारणारी बुरशी मिसळली, उघड्या जागी हरळीच्या काड्या टोचल्या. पुढच्या वर्षी पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दारचा लिंब हलवून हुमणीचे भुंगेरे पाडायचेत. खाली अंथरायला आईची चादर लागेल, ते अजून तिला सांगितलेलं नाही.